निपाणीच्या थांब्यावर उमटलेली मँगनीजची रेष

निपाणीच्या अलीकडे आमची पुणे-बेळगाव बस पंक्चर झाली आणि त्याच वेळी माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"स्पेक्ट्रम आलाय. आधी तूच बघ."

फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषावर मी संशोधन करते. तिथला वायू अजून कोट्यवधी अंश तापलेला आहे आणि त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य क्ष-किरणांत आपापल्या जागी रेष उमटवतं. जुन्या निरीक्षणात मला मँगनीजची पुसट रेष दिसली होती. पण दुर्बिणीतही तपासणीसाठी मँगनीजचे क्ष-किरण देणारा स्रोत असतो. मग रेष ताऱ्याची की यंत्राची? यंत्राची निघाली, तर माझा अर्धा प्रबंध गेला! तापलेल्या वायूतली रेष किंचित जास्त ऊर्जेवर येते. तेवढा फरक नव्या दुर्बिणीला कळणार होता, आणि आज आलेला स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण आले त्याचा आलेख, तिचाच होता.

रस्त्यालगतच्या खानावळीत धावले. मालकीणबाई भाकरी थापत होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. मी लॅपटॉपसाठी प्लग मागितला.

"लाव की. पर आदी खा. घरचं काय वंगाळ कळलं व्हय गं?"

"नाही आक्का. एक मेलेला तारा आहे, त्याचं बघायचंय."

"मेलाय न्हवं? मग घाई कशाची?"

हसतच मी खर्ड्याचा (मिरचीच्या ठेच्याचा) घास घेतला आणि आलेख उघडला. लोखंडाचा उंच सुळका, त्याच्या अलीकडे एक छोटा उंचवटा. आकडा वाचला. पुन्हा वाचला. उंचवटा जास्त ऊर्जेवरच होता, म्हणजे रेष ताऱ्याचीच! मी ओरडलेच.

"गावलं?"

"गावलं, आक्का!"

त्यांनी न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकली.

संध्याकाळी बेळगावच्या वडगाव भागात, मैत्रीण सुनंदाच्या घरी पोचले. शेजाऱ्यांना ताऱ्यांविषयी सांगायला तिनंच बोलावलं होतं. माग बंद करून विणकर मंडळी अंगणात जमली होती. तयार चित्रं बाजूला ठेवून मी ताजा आलेखच भिंतीवर दाखवला.

"इतक्या वर्सांत त्यो थंड कसा झाला न्हाय?" सुनंदाच्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं.

"वायू फारच विरळ आहे, आप्पा. निवायला हजारो वर्षं लागतात."

"म्हंजे आमच्या नातवंडांस्नी बी बघाय मिळंल!" ते खुशीत म्हणाले. मग कुंदा (दूध आटवून केलेली खरपूस मिठाई) आला आणि प्रश्न काही संपेनात.

दुसऱ्या दिवशी पुण्यात सरांनी दारातच गाठलं.

"अजून कुणाला दाखवलं नाहीस ना?"

"अख्ख्या वडगावला दाखवलं, सर."

सरांनी कपाळावर हात मारला. मग हळूच हसले. प्रयोगशाळेत एकटीनं पाहिली असती, तर ती रेष मला एवढी मोठी वाटली नसती.