गोदूबाईच्या गाण्याचा शेवट

खरवईतल्या निम्म्याअधिक बायकांची लग्नं गोदूबाईच्या तोंडून लागली, माझंसुद्धा. ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी बाई लागतेच. भटजी येतो, अक्षता पडल्या की पुढच्या लग्नाला पळतो. धवलारीण मांडव उभा राहतो तेव्हापासून पोर सासरी निघेपर्यंत मांडवातच असते. गोदूबाई अंगाने किरकोळ, तोंडात कायम पान, आणि स्वभाव असा की गोड बोलून काम काढून घेणं तिला जन्मात जमलं नाही. शेतात लावणीला माझ्या शेजारी वाकलेली असायची तेव्हाही गुणगुणत असायची, आणि कुणी "मोठ्यानं म्हन ना" म्हटलं की गप्प व्हायची.

तिला गायला बोलवायची एक रीत होती. घरच्या कर्त्या माणसाने नारळ-सुपारी घेऊन तिच्या दारात जायचं. रस्त्यात गाठून "येस हां लग्नाला" म्हटलं तर ती यायची, पण पाहुणी म्हणून. पोटभर जेवायची, नवरीला आशीर्वाद द्यायची आणि घरी जायची. तिच्या सासूने ही रीत घालून दिली होती आणि गोदूबाईने ती कुणासाठी मोडली नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावोगाव टेप आले आणि उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या टेकचंदशेठने आगरी गाण्यांच्या कॅसेटी काढायला सुरुवात केली. गोदूबाईचं नाव त्याच्या कानावर गेलं. तिची पहिली कॅसेट सगळी नाचाची गाणी होती, ती हळदीत इतकी वाजली की फिती झिजल्या. मग दुसरी आली. त्या दुसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, तिने पहिल्यांदाच खरा धवला म्हटला. आणि तो धवला मध्येच तुटत होता.

"मांडवाचे दारान कोन गो उभी, कोन गो उभी..." इथपर्यंत यायचं, आणि बस. पुढे नुसती खरखर.

यावरून आमच्या गावातल्या पुरुषांनी जे वर्षभर डोकं खाल्लं, ते विचारू नका. अड्डा कोंडाजीच्या ओटीवर. कोंडाजी आमचा शेजारी, अंबरनाथला कारखान्यात कामाला, घरात मोठा टू-इन-वन, आणि गोदूबाईच्या गाण्याचा भक्त. दुसरा वाळू रिक्षावाला, बदलापूर स्टेशनला त्याच्या रिक्षात दिवसभर हीच कॅसेट. तिसरे आमचे हे. ह्यांना गावात सदू म्हणतात. घरात एक वाक्य धड बोलणार नाहीत, पण त्या ओटीवर बसले की ह्यांना कंठ फुटायचा.

"शेटनं फीत वाचवली," कोंडाजी म्हणायचा. "लहान फीत भरली, गाना मावला नाय. दुसरा काय?"

"घंटा!" वाळू म्हणायचा. "बाई इसरली. वय झाला तिचा. पुढची ओळ आठवली नाय, मंग काय करतं?"

"मुद्दाम सोडलंय," आमचे हे म्हणायचे. "ऐकनाऱ्यानं आपल्या मनात पुरा करायचा. मोठे कलाकार असंच करतात."

कुठल्या मोठ्या कलाकाराने असं केलं, हे ह्यांना कुणी विचारलं नाही. एक दिवस वाळूने कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून फीत शेवटापर्यंत फिरवली. गाणं संपल्यावरही भरपूर कोरी फीत शिल्लक होती, म्हणजे कोंडाजीचं म्हणणं खोटं ठरलं. कोंडाजी इतका चिडला की तिघेही वाळूच्या रिक्षातून थेट उल्हासनगरला टेकचंदशेठच्या दुकानात गेले. शेठ म्हणाला, "जितना गाया, उतना भरा. मेरेको क्या पूछता है भाऊ? माई तो तुम्हारे गाव की है, उसको पूछो ना."

तिघे परत आले आणि ओटीवर बसून पुन्हा भांडू लागले. गोदूबाईचं घर तिथून चार घरं टाकून. मी ह्यांना म्हटलं, "अहो, जाऊन विचारा की तिला." तर कोंडाजी मलाच म्हणाला, "वयनी, गाना वेगला आन् रेकॉर्डिंग वेगला. बायकांना त्यातला काय कळतंय?"

मला सगळंच माहीत होतं. टेकचंदशेठकडे गोदूबाई एकटी कशी जाणार, म्हणून सोबतीला मीच गेले होते. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली, पंखा बंद, आम्ही दोघी घामाघूम. धवला रंगात आला आणि "कोन गो उभी"पाशी गोदूबाई थांबली. कारण पुढे नवरीचं नाव येतं. अमक्याची अमकी उभी, असं. खऱ्या मांडवात समोर नवरी असते, तिचं नाव घेतात आणि त्या नावावर पहिली हळद लागते. इथे समोर लोखंडी दांड्यावर माईक.

काचेमागून शेठ म्हणाला, "माई, रुक क्यूं गयी? कोई भी नाव डाल दो. लक्ष्मी डालो."

"लक्ष्मीचा लगीन झायला कवाच," गोदूबाई म्हणाली.

शेठला वाटलं ती मस्करी करते आहे. ती करत नव्हती. तिच्या सासूने सांगून ठेवलं होतं की धवल्यात नाव घेतलं म्हणजे त्या पोरीचं लग्न लागलं. मग समोर नवरी नसताना नाव कुणाचं घ्यायचं? शेठने खूप समजावलं, थोडा आवाजही चढवला. शेवटी कंटाळून तेवढंच भरलं. परत येताना मला ती म्हणाली, "कुनाला सांगू नको हां. ज्याला पायजे तो येल माझे घरी इचाराला."

आमच्या पुरुषांना हे उमगलं नाही यात नवल नाही. मांडवात नावं घेतात तेव्हा हे लोक बाहेर पाण्याचा टँकर आला का, आचाऱ्याला तेल पुरलं का, हे बघत असतात. हळदीच्या पाटाभोवती आम्ही बायकाच असतो. त्यांनी धवला नीट कान देऊन ऐकला तो कॅसेटवरच.

तिकडे गोदूबाईचे दिवस मात्र फिरले. कॅसेट आल्यावर लोकांनी तिला बोलवणंच सोडलं. लाउडस्पीकर लावला, कॅसेट घातली, झालं काम. त्या तुटलेल्या ठिकाणी घरची एखादी म्हातारी कसंबसं नाव घालून वेळ मारून न्यायची. त्या वर्षी सगळा लग्नाचा मोसम गेला आणि गोदूबाईच्या दारात एक नारळ आला नाही. तिचं पान खाणं कमी झालं, आणि लावणीला गुणगुणणंही थांबलं. मला तिची फार काळजी वाटायची. त्यातच कोंडाजीच्या मुलीचं, तुळशीचं लग्न ठरलं, चिखलोलीच्या रामभाऊच्या मुलाशी. आता कोंडाजी नारळ घेऊन येईल म्हणून गोदूबाईने सकाळीच अंगण सारवलं, ओटीवर पाट मांडून ठेवला. एवढा तिच्या गाण्याचा वेडा माणूस, त्याच्या घरूनही नारळ आला नाही, तर मग गावातून कुणाच्याच घरून येणार नव्हता.

कोंडाजी आला नाही. त्याने मुलाच्या हाती पत्रिका पाठवली. त्याची बायको कौसाबाई त्याला म्हणालीही, "गोदूबायला नारल देऊन या." तर म्हणाला, "अगो, कॅसेटीन कोन गातंय? गोदूबायच ना? मंग दोनदा कशाला बोलवायची?"

हळदीच्या दुपारी मांडव भरला. तुळशी पाटावर, पाच सवाष्णी हळदीची वाटी घेऊन उभ्या, आणि गोदूबाई नवं लुगडं नेसून बायकांत येऊन बसली. कोंडाजीने ऐटीत स्वतःच्या हाताने कॅसेट घातली. आवाज छान लागला होता. "मांडवाचे दारान कोन गो उभी, कोन गो उभी..." आणि खरखर. एकीचाही हात हलेना. नेमकी कोंडाजीची म्हातारी आई तापाने आत पडलेली, नाव घालणार कोण? सगळ्या बायका गोदूबाईकडे बघायला लागल्या. तेवढ्यात स्पीकरवाल्याने काय केलं, कॅसेट उलटी घातली, आणि मांडवात एकदम नाचाचं गाणं सुरू झालं. पोरीबाळी खिदळल्या. चिखलोलीच्या बायका पदराआड हसल्या. कौसाबाईच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

"गोदूबाय, पुढचा म्हन ना," कोंडाजी घाईघाईने म्हणाला.

"मी जेवाला आयलीय," गोदूबाई म्हणाली. आणि उठून चालू लागली.

सगळ्यांना वाटलं, रागावून गेली. कोंडाजी "बघा, कसा नखरा!" म्हणून हात उडवू लागला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊजी, ती नखरा करत नाय. तुम्हाला नारल घेऊन बोलवाला येता यावं म्हनून घरी जाऊन बसलीय." कौसाबाईने देवापुढची नारळ-सुपारी उचलून नवऱ्याच्या हातात कोंबली.

कोंडाजी निघाला, मागे वाळू, मागे आमचे हे, आणि राहवेना म्हणून मी. गोदूबाई खरंच दारात बसली होती. कोंडाजीने नारळ-सुपारी तिच्यासमोर ठेवली. तिने ती ओटीत घेतली आणि तिघांकडे बघून म्हणाली, "वरीस झायला माझे गान्यावर भांडताव. चार घरं टाकून रेहेतंय मी. एकानं तरी येऊन इचारला का, गोदूबाय, तुझी तब्येत बरी हाय का?"

ती उठली, पदर खोचला आणि मांडवात आली.

तिने सुरुवातीपासून धरलं. कॅसेटमध्ये तुटलेलं जोडून द्यायला ती तयार नव्हती. तिघे पुरुष या वेळी बाहेर गेले नाहीत, खांबाशी उभे राहिले. "मांडवाचे दारान कोन गो उभी, कोन गो उभी? कोंडाजीची तुलस गो उभी." पहिली हळद लागली. कोंडाजी केवढा हसला! आपलं नाव आपल्या आवडत्या गाण्यात, म्हणून सगळ्यांकडे बघत होता. त्याला वाटलं, गाणं इथे संपलं.

पण धवला तिथे संपत नाही. गोदूबाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू, तुळशीच्या डोक्यावर हात ठेवून. कोन गो उभी? आणि या वेळी म्हणाली, "रामभाऊची तुलस गो उभी." पुढे कोंडाजीचं नाव नाहीच. शेवटपर्यंत मग सासऱ्याचं, रामभाऊचंच.

आम्हा बायकांना ते ठाऊक असतं, आम्ही ते ऐकूनच सासरी आलेल्या असतो. कोंडाजीला ठाऊक नव्हतं. तो काही वेळ वाट बघत राहिला, आपलं नाव परत येईल म्हणून. मग खांबाला धरून खाली बसला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला.