पंखा बंद कर ना, ताई

पुण्याहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. फोन सरोजच्या एका विद्यार्थिनीचा. "वहिनी," एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. सरोजच्या सगळ्या विद्यार्थिनी मला वहिनीच म्हणायच्या. मी म्हटलं, "कळलं ग बाळ, रडून घे," आणि चिकाचे हात तसेच घेऊन खाली आले. हे, म्हणजे सरोजचे थोरले भाऊ आणि माझे यजमान, दुकानात निघायच्या बेतात होते. सरोज गेली, असं सांगितल्यावर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. नंतर पेपरात द्यायची बातमी त्यांनी स्वतः लिहिली. 'ज्येष्ठ समाजसेविका'. ते वाचून माझं डोकंच फिरलं. समाजाची सेवा तिनं कधी केली, जन्मभर समाजाला टोचतच तर राहिली, असं मी म्हटलं. तर हे म्हणाले, "मग काय लिहू? तो विषय लिहू?"

आमच्या घरात सरोजच्या कामाचं नाव 'तो विषय'. सासूबाई गेल्या, मामंजी गेले, पण त्याचं दुसरं नाव कुणाच्या ओठांवर आलं नाही. मी जन्मभर मराठी शाळेत पोरांना शुद्धलेखन घातलं, तेव्हा मी तरी नीट लिहिते. माझी नणंद स्त्रियांच्या लैंगिक आयुष्याचा अभ्यास करायची. बायकांना नवऱ्याजवळ काय हवंसं वाटतं, काय नकोसं होतं, आणि हे त्यांना कधी कुणी विचारलंय का, हा तो विषय. झालं लिहून. आभाळ काही कोसळलं नाही.

मी लग्न होऊन इथे, हिंदी मुलखातल्या या गावच्या बुधवारा पेठेत आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांची पानं वाढलेली असताना, मला म्हणाली, "वहिनी, दादा आवडला म्हणून आलीस की पाठवलं म्हणून?" सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. मला मात्र इतकं हसू आलं की ठसकाच लागला. त्या घरात मला कुणीतरी काहीतरी विचारलं, ते पहिल्यांदा. पुढे ती पुण्याला शिकायला गेली, तिथेच प्राध्यापक झाली, लग्न केलं नाही, आणि लोकांना नको ते विचारणं हाच तिचा धंदा झाला. फटकळ तर इतकी, की लग्नाच्या मांडवात तिला घेऊन जायची मला धास्ती वाटायची.

अभ्यासासाठी ती आपल्याच मुलखात आली. जवळच्या दापोरा गावी जायचं ठरलं, तेव्हा माझी वर्णी लागली, कारण तिथली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली. 'बाई' म्हटल्यावर दारं उघडायची. एका घरी ओळखीची बाई होती, तिला इथे यमुना म्हणते, नाव बदललंय. केळीच्या बागेतून नुकतीच आलेली, साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि सरोजनं पुण्याच्या शुद्ध मराठीत विचारलं, "तुम्हाला नवऱ्याकडून समाधान मिळतं का?" यमुना बुचकळ्यात पडली. म्हणाली, "समाधान तं सुरतले हाये ना ताई, कामाले. दिवाईले येईन." आमच्या भागात समाधान नावाचे मुलगे घरोघर. यमुनाचा थोरला समाधानच. सरोजनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं, आणि बाहेर येऊन आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून पोट धरून हसलो.

घरी आल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. इतकी शिकले आणि एक प्रश्न विचारता येत नाही, म्हणाली. मी बशीत चहा निववत होते. सहज म्हणून गेले, "तुझं पुस्तकातलं समाधान सुरतलाच जाणार. सरळ विचार ना, जीव निवतो का." तिनं कप खाली ठेवला आणि तोच शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा यमुनाकडे गेलो. या वेळी प्रश्न तिला कळला. परक्या कुणाचे असावेत तशी ती स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली. मग बोलायला लागली, पण आवाज इतका खाली गेला की पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येईना. सरोज उठली आणि तिनं पंखा बंद केला. वैशाखातली दुपार, वर पत्रे. आणि त्या शांततेत यमुना म्हणाली, "जीव निवत नाही ताई. जीव तं जयते."

जळतो, म्हणाली ती. पुढचं तिनं सांगितलं ते सरोजजवळ राहिलं आणि तिच्याबरोबरच गेलं. पण त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. सरोज नुसती बसायची, घाई करायची नाही, केळीचा भाव, लेकीचं बाळंतपण, सगळं ऐकून घ्यायची. बोलायची वेळ आली की बाईच वर बघायची आणि म्हणायची, "पंखा बंद कर ना, ताई." दापोऱ्यापासून पार देडतलाईपर्यंत बायकांना याचा अर्थ कळायला लागला. सरोज घामानं भिजून चिंब व्हायची, पदरानं वारासुद्धा घ्यायची नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं भोवळ येईल एखाद्या दिवशी. म्हणाली, तिला इतकी वर्षं उकडतंय, मला तासभर उकडलं तर काय होतं.

पुस्तक निघालं आणि मग जे व्हायचं ते झालं. लग्न झालं म्हणजे बाईनं कायमचा होकार दिला असं नसतं, एवढंच तिचं म्हणणं. पण इथल्या हिंदी पेपरात आलं की आमच्या बहू-बेटींची बदनामी केली. लोक दुकानात येऊन कापड बघता बघता यांना विचारायचे, "भाईसाब, आपकी ही बहन है ना?" हे मान खाली घालून थान उलगडत राहायचे. पुण्यातल्या काही कार्यकर्त्या बायकाही तिच्यावर उखडल्या. बाया मार खातायत आणि ही त्यांचं सुख विचारत बसलीय, असं त्यांचं. इथल्या एका सभेत एकजण उठून म्हणाला, आपको शरम नहीं आती? सरोज शांतपणे म्हणाली, "आती थी. इसीलिए पढ़ना शुरू किया." टाळी वाजली नाही. मला मात्र वाटलं, उठून तिला जवळ घ्यावं. त्याच वेळी रागही आला होता, खोटं कशाला बोलू. ती पुण्याला निघून जाणार, बुधवाऱ्यात तोंड दाखवायचं आम्हाला. यांनी तिला सांगितलं, घर तुझंच आहे, पण या घरात तो विषय नको. ती "बरं" म्हणाली आणि तिनं तो शब्द पाळला. दर भाऊबीजेला यायची, ओवाळायची, मावा जिलेबी खायची, आणि दोघं बहीणभाऊ हवापाण्याच्या गप्पा मारायचे. जिनं जगाला बोलतं केलं तिला माहेरी मुकं बसावं लागलं... याचं मला फार वाईट वाटायचं. अजून वाटतं.

शेवटची आली ती होळीनंतर. फुफ्फुसांनी हात टेकले होते, दोन वाक्यांत दम लागायचा. हे दुकानात गेलेले. ती बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मी समोर तांदूळ निवडत होते. माझ्याकडे पाहून म्हणाली, "वहिनी, 'जीव निवतो का' हे शब्द तू दिलेस. तुला कुणी विचारलंच नाही ग." मग भिंतीला धरून उठली, बटणापर्यंत गेली आणि पंखा बंद केला. तिला वाऱ्याची किती गरज होती, ते मला दिसत होतं. मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही. पण बोलले. संसाराला इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा बोलले. तिनं मध्ये एक शब्द काढला नाही, फक्त माझा तांदळाचा हात हातात घेतला. सरोज होती तोवर या घरात 'तो विषय' तेवढा एकदाच निघाला.

इथे शोकसभा झाली. सगळे चांगलंच बोलले. नारीशक्ती झालं, महिला आरोग्य झालं, विदुषी झालं. ती काय करायची हे एकानंही सांगितलं नाही. हे पहिल्या रांगेत बसले होते, प्रत्येकाला हात जोडत होते. मला वाटलं, हिला आपण दुसऱ्यांदा जाळतोय. घरी येऊन खूप रडले.

मागच्या आठवड्यात यमुना आली. आता केस पांढरे, पाठीत वाकलेली. सोबत सून, समाधानची बायको. सरोजचं कानावर आलं म्हणून भेटायला आले, म्हणाली. हेही तिथेच होते, पेपर हातात. केळीवरचा रोग निघाला, येण्याजाण्याच्या गाड्यांचा त्रास निघाला. सून खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. मग यमुनानं वर पाहिलं आणि दबकत मला म्हणाली, "बाई, जरा पंखा बंद करता का?"

मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, तोवर हे उठले. यांना त्याचा अर्थ माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यांनी बटण बंद केलं, पेपरची घडी घातली आणि बाहेर ओट्यावर, भर उन्हात, जाऊन बसले. दार ओढून घेतलं. मी काही विचारलं नाही. सरोज बसायची तशी नुसती बसले, हातसुद्धा हलवला नाही. मग ती पोर बोलायला लागली. ती काय बोलली ते तिचं आहे.

त्या दोघी गेल्यावर हे आत आले. मला वाटलं, आधी पंखा लावतील. लावला नाही. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसले. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून घामाच्या धारा... पुसल्याही नाहीत. मग म्हणाले, "सरोज अशीच बसायची?"

"हो," म्हटलं. "अशीच."