देसाईकाकांची नारिंगी लाइन

तलावावर मासे कमी आणि किस्से जास्त मिळतात. मासे आम्ही सोडून देतो, किस्से सोडता येत नाहीत.

आम्ही चौघं. निवृत्त भूलतज्ज्ञ देसाईकाका, त्यांना गाडीने आणणाऱ्या काकू, लीड्समध्येच जन्मलेला रोहन आणि पीएच.डी.साठी आलेला मी. दर रविवारी ट्राउट मासे धरायला. गळाला बांधलेली खोटी माशी इतकी हलकी असते, की ती लांब जाते मागच्या जाड रंगीत दोरीच्या वजनावर. त्या दोरीला लाइन म्हणायचं. तिचा रंग कोणता असावा, यावर आमची दोन वर्षं गेली.

*

२००४ साली मी इंटरनेटवरच्या फोरमचे वीस प्रिंटआउट घेऊन तलावावर गेलो. "शेवाळी लाइन घ्या काका. माशाला दिसता कामा नये."

"मासा खालून वर बघतो," काका म्हणाले. "आकाशासमोर शेवाळी काय आणि पांढरी काय, त्याला सगळ्या काळ्याच."

"मग दुकानदार दहा रंग कशाला ठेवतो?"

"दुकानात मासे जात नाहीत. आपण जातो."

*

माझं समाधान झालं नाही. मी तलावाच्या म्हाताऱ्या इंग्रज राखणदाराला गाठलं. चाळीस वर्षं तो तिथेच होता. "रंग कुठला घेऊ?" मी विचारलं.

त्याने माझ्या मागच्या झाडाकडे पाहिलं. सकाळपासूनच्या माझ्या तीन माश्या तिथे लटकत होत्या.

"पाण्यात पडेल तो," तो म्हणाला.

*

रोहनला नवी लाइन घ्यायची नव्हती. त्याने पांढऱ्या लाइनला मार्कर पेनने हिरवा रंग दिला. गुंता सोडवायला काका पुढे झाले आणि सगळा रंग त्यांच्या नव्या स्वेटरला लागला.

"सॉरी काका, तुमचा जम्पर ग्रीन झाली."

"असू दे रे," काकू म्हणाल्या. "आता मासे त्यांनाच गवत समजून जवळ येतील."

*

मग काकांनी नारिंगी लाइन आणली. रस्त्यावरच्या ट्रॅफिक कोनसारखी भडक.

मी चिडलोच. माशाला निसटायची संधी द्यायची तर कौशल्याने द्यावी, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान. "काका, ही काय फिशिंग? तुम्ही तर माशाला आधी फोन करून जाताय."

"सांगून गेलेलं बरं," काका हसून म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी त्याहून भडक आणली. मी पुन्हा भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मला सँडविच दिलं.

*

एका दुपारी माझ्या गळाला मासा लागला आणि शेजारी काकांनी जोरात स्वतःचा रॉड उचलला. ते माझी लाइन आपली समजून बघत होते.

"काका, आपल्या ताटातलं बघा," मी म्हणालो. रोहन पोट धरून हसला. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत.

नंतर कार पार्कमध्ये काकूंनी मला बाजूला घेतलं. "त्यांचं मधलं दिसणं गेलंय. दोन्ही डोळ्यांचं. कडेचं थोडं उरलंय, म्हणून तिरके उभे राहतात. ऑपरेशन नाही, औषध नाही. पाण्यात उतरतात म्हणून मी वचन घेतलंय. ज्या दिवशी लाइन दिसणार नाही, त्या दिवशी रॉड लॉफ्टमध्ये."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, मग घरी बसून बघू काय?"

परतताना मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रोहनने विचारलं, "तुझी बॅटरी संपली का?"

*

आता सप्टेंबरमधला किस्सा. वारा समोरून होता. काका गुडघाभर पाण्यात, रोहन हाताच्या अंतरावर. विचारलं तर पाय धुतोय म्हणाला. मी काठावर काकूंच्या खुर्चीशेजारी.

काकांनी रॉड मागे नेला, पुढे झुगारला. वाऱ्याने लाइन परत लोटली. ती त्यांच्या गुडघ्यांपाशीच भेंडोळं होऊन पडली. इतकी नारिंगी, की काठावरूनही लख्ख दिसत होती.

काका मान तिरकी करून दूर पाण्याकडे बघत राहिले.

"अहो, दिसतेय का लाइन?" काकूंनी विचारलं.

"दिसतेय की. त्या मोठ्या दगडापर्यंत गेलीय. सरळ."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हो," त्या म्हणाल्या, "दगडाच्याही थोडी पुढे."