बत्तीवरचं अंडं

माझ्या थोरल्या जावेला अख्खं गोदाम दुर्बीण म्हणतं. हे नाव मी पाडलं, तेही रागाने. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात माझ्या हातून कप फुटला. मी तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात खाली दडपले. ही बाई दारातूनच म्हणाली, "कपाचा कान ओट्याखाली राहिलाय गं, कुणाच्या तरी पायात जाईल." तेव्हापासून तिच्यासमोर माझं एकही खोटं पचलेलं नाही.

आम्ही दोघी अंड्यांच्या गोदामात कामाला. अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी बसायचं, एकेक अंडं बत्तीच्या डब्याला पाडलेल्या भोकावर धरायचं आणि फिरवून बघायचं. आत रक्ताचा ठिपका दिसला की ते बाद ट्रेमध्ये. मी प्रत्येक अंडं दोन-दोनदा फिरवते. तिचं मनगट नुसतं वळायचं आणि अंडं पुढे गेलेलं असायचं. मुकादम नव्या बायकांना सांगायचा, "दुर्बीणबाईंकडे बघून शिका. हिच्याकडे बघून शिकू नका." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत गाठ निघाली. कॅन्सर. औषधांनी गाठ विरघळली. केस गेले आणि परत आले ते कुरळे. "फुकटात झाले," म्हणाली आणि कामावर हजर. त्या आजाराचं नाव मात्र घरात पुन्हा कुणी काढलं नाही. नाव काढलं तर ऐकून परत येईल, अशी आम्हाला भीती.

मग एका सोमवारी तिचा बाद ट्रे भरला. जेवणाच्या सुट्टीआधी दुसराही भरला. मी चिडवलं, "ताई, आज कोंबड्यांवर राग काढताय का?" ती हसली नाही. मुकादमाचा तर तिळपापड झाला. त्याने ट्रे बाहेर उजेडात आणले आणि त्यातलं एक अंडं वाडग्यात फोडलं. स्वच्छ. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तीही स्वच्छ. बायका तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मीही हसत होते, तेवढ्यात माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. मग डावा डोळा झाकून भिंतीकडे बघितलं, मग उजवा झाकून. ठिपका अंड्यात नव्हता, तिच्या डोळ्यात होता.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. मागच्या खेपेला थोरले भावजी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले होते.

"सांगणार. आत्ताच्या आत्ता सांगणार," मी म्हटलं आणि सांगितलं.

दवाखान्यात डोळ्यातलं पाणी सुईने काढून तपासलं. डॉक्टरीणबाई फार हळू बोलल्या. डॉक्टर हळू बोलायला लागले की मला धडकीच भरते. मेंदूतला आजार डोळ्यात उतरलाय, म्हणाल्या. डाव्या डोळ्याची नजर आता परत येणं अवघड. उजवा अजून चांगला आहे, तो राखायचा. "उजव्या डोळ्यासमोर ठिपका, धुकं, काहीही आलं तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवसावर टाकू नका."

"वाचेल ना पण?" भावजींनी विचारलं.

"डोळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भावजींनी नुसतं ताईंकडे बोट केलं.

औषधं सुरू झाली, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी आमच्या घराची गत. ती दाराच्या चौकटीला अडखळली तरी आम्ही सगळे उठून उभे. शेवटी तीच वैतागली आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी मला एक अंडं आणि टॉर्च आणून देत जा. भिंतीकडे बघून मला काही कळत नाही. अंड्यातलं कळतं."

डाव्या डोळ्यावर तळहात, उजव्यासमोर अंडं. आम्ही श्वास रोखून उभे. ती "स्वच्छ" म्हणाली की मगच मी ताटं वाढायला घ्यायची. पास झालेलं अंडं भावजींच्या ताटात जायचं. ते बिचारे मुकाट्याने खायचे.

आज ती अंडं फिरवतच राहिली. मनगट थांबेना.

"डाग आहे," म्हणाली.

मी तिच्या हातातून अंडं घेतलं. जन्म गेला अंडी तपासण्यात, पण एखादं अंडं नासकं निघावं असं मला कधी वाटलं नव्हतं. वाडग्याच्या काठावर ते आपटताना मी मनात घोकत होते, नासकं निघ, रक्ताने भरलेलं निघ, पाया पडते तुझ्या.

पिवळाधमक बलक निघाला. कुठे टिपूसभर काही नाही.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"आहे ताई. ठिपका आहे. चांगला मोठा आहे."

तिने वाडगं मागितलं नाही. त्या एका डोळ्याने ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"दवाखान्याची पिशवी भर," ती म्हणाली. "त्याच दिवशी या म्हणाल्या होत्या."