बारा पेट्या, एक कुलूप

आमचा तळ कोकणातल्या एका खाडीपलीकडे होता. मी हवालदार, गाव भातकुलीजवळचं. लान्स नायक सुधाकर अकोल्याच्या जठारपेठेतला. दोघांचाही पाण्याशी संबंध विहिरीपुरता. सुधाकर लाखमोलाचा माणूस, पण किल्ल्या हरवण्यात पटाईत. त्याच्या पेटीचं कुलूप मी तीनदा तोडलं होतं.

त्या दिवशी आम्ही बारा जण सुट्टीवर निघालो. सुधाकरच्या बहिणीचं लग्न होतं. दुपारी पंधरा चाळीसला फेरीबोटीत चढलो. पाटीवर लिहिलं होतं, प्रवासी क्षमता चाळीस. आम्हाला धरून बरोबर चाळीस झाले.

बोटीचा तांडेल म्हणाला, "साहेब, पेट्या दुसऱ्या फेरीत आणतो. फार जड आहेत."

"गाडी चुकेल," मी म्हणालो. "आणि पेट्या कुठे तिकीट मागतात?"

जवान हसले. वर्दी पाहून तो बाजूला झाला.

मागच्या बाजूला लांब लाकडी पेटारा होता. झाकणावर 'लाईफ जॅकेट' असं रंगवलेलं. मी ते वाचलं. तरी बाराही पेट्या त्यावरच रचल्या आणि रेल्वेत बर्थला बांधतो तशी साखळी भोवती आवळून कुलूप ठोकलं. चोरीची भीती! किल्ली थट्टेने सुधाकरला दिली.

"ही तरी हरवू नको."

"नाई हरवत, भाऊ."

खाडीच्या मध्यावर वारा वाढला. मागची बाजू पेट्यांनी आधीच दबलेली. दोन लाटा आत आल्या, इंजिन बंद पडलं, पाणी भरू लागलं. तांडेल ओरडला, "जॅकेटं काढा!" मी वेड्यासारखी साखळी ओढत होतो.

"भाऊ, किल्ली माह्याजवळ हाये. तुमी लोकायले पुढं न्या."

तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. कुलूप उघडलं, पेट्या बाजूला लोटल्या. एकेक जॅकेट पुढे फेकत होता. शेवटची जॅकेटं वर तरंगत आली तेव्हा बोटीची मागची बाजू बुडाली आणि मोकळ्या पेट्या त्याच्या अंगावर घसरल्या. मला पोहता येत नव्हतं. मी त्याने फेकलेल्या जॅकेटवर तरंगत होतो.

किनाऱ्यावर मी गिनती घेतली. ती अकरावर थांबली. मी पुन्हा घेतली. प्रवासी सगळे वाचले होते.

दरवर्षी त्या दिवशी मी जठारपेठेत जातो. पहिल्याच वर्षी त्याच्या आईला सांगून टाकलं, "काकू, कुलूप मी लावलं होतं."



"जनमभर त्यानं एक किल्ली सांभाळली नाई," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी काहून सांभाळली रे?"