दाराला कडुलिंब

प्लॅस्टिकचं नाताळझाड दिसलं की माझं डोकं आजही फिरतं. धुळ्याला आमच्या ख्रिस्ती घरात नाताळ बाजारातून कधी आलाच नाही. आईबरोबर रानात जायचं आणि ओच्यात भरून तो घरी आणायचा. पऱ्हाटीच्या काड्यांचा तारा, गुंजांची माळ आणि गोठ्याच्या देखाव्यात अंथरायला वाळलेलं गवत. लग्न होऊन सोनगीरजवळच्या हिंदू शेतकरी घरात आले, तेव्हा हा नाद सोबतच आला. कोणी नाक मुरडलं नाही. उलट सासू, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, दरवर्षी इवल्याशा गव्हाणीत बोट फिरवून बघायची, मातीच्या बाळाला गवत टोचणार तर नाही ना.

गेल्या श्रावणात माझं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी परतले. आळीतलं कोणी भेटायला आलं नाही. काय बोलावं ते त्यांना कळलं नसावं. घरातही कोणी तो विषय काढेना. म्हणून डिसेंबर लागला तसं मी सांगून टाकलं, "यंदा फक्त तारा. गोठा मांडायचा नाही. त्या गव्हाणीत बाळ ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि मला समजवायलाही कोणी येऊ नका."

अक्काने विळा घेतला आणि ती म्हणाली, "चाल, काड्या लई येऊत." काड्या आणायला आम्ही निघालो.

सोनगीरच्या किल्ल्याच्या उतारावर धुकं अजून उठलं नव्हतं. वेचणी झालेल्या शेतांत पऱ्हाट्यांवर कुठे कुठे कापसाचं एखादं बोंड राहून गेलं होतं. अक्का पुढे, मी मागे. पाण्याच्या तळाशी चालावं तसे आमचे पाय चालत होते, आवाज न करता. कुंपणावर गुंजांच्या शेंगा उकलल्या होत्या. मी लाल दाणे वेचत राहिले, कशासाठी ते ठाऊक नसताना. मध्येच वाटलं, मागून कोणीतरी दुडुदुडु येतंय. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते गेलं असतं, आणि मला ते आणखी थोडं हवं होतं.

परतताना अक्काने बांधावरच्या कडुलिंबाच्या डहाळ्या कापल्या. घरी येताच त्या चौकटीला बांधायला लागली. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

"अहो अक्का, नाताळात कडुलिंब कुठे लावतात?"

"तुमना देवना जलम शे ना? जलम व्हयना का दारले निंब लावतस."

तिचं म्हणणं खरंच होतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या दाराला कडुलिंब लागतो. मी काड्यांची मोळी सोडून तारा बांधायला बसले.

तेवढ्यात आळीतली एक म्हातारी रस्त्यात थबकली. दाराकडे बघून तिने विचारलं, "कोण बाळंतीण शे वं, अक्का?"

माझे हात थांबले. आता अक्का नाताळाचं काहीतरी सांगेल, म्हातारी हसेल आणि निघून जाईल, असं मला वाटलं.

अक्काने गाठ पक्की आवळली. "मनी सून," ती म्हणाली.

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सांजले येसू मी, भेटाले."

मी तशीच उठले आणि फळीवरून गव्हाण काढली.