खुर्चीखालची शेगडी

रोझेर देग्लच्या तळघरात शेगडी अजून आलेली नव्हती, पण तिची ऊब आली होती. निदान त्याला तरी ती लागत होती. सिमेंटच्या जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनापाशी तो उपडं पिंप ओढून बसायचा, डोळे मिटायचा, आणि मेपलची लाकडं तडतडू लागायची. बिडाचं काळं दार, आत लाल उजेड, वर स्वयंपाकघराच्या जमिनीत कापलेली जाळी, आणि जाळीवर पाय शेकत, झुलत्या खुर्चीत बसलेली आल्विना. एवढं दिसलं की वर जाऊन एकट्याने जेवायचं बळ यायचं.

कारण आल्विना, त्याची बायको, घरात नव्हती. उन्हाळा सरता सरता ती बँगरला लेकीकडे गेली, आणि जाताना दारात म्हणाली, "हे घर गार पडलंय, रोझेर. हाडांत शिरतंय." रोझेर जन्मभर लाकूडगिरणीत फळ्या मापणारा माणूस, त्याने शब्द जसाच्या तसा उचलला. घर गार आहे? मग गरम करू. शेगडी बसली तर आल्विना येईल. नाही बसली तर लेक तिला हिवाळाभर ठेवून घेईल, आणि या वयात हिवाळाभर गेलेलं माणूस परत येतंच असं नाही. ही भीती तो कुणाला बोलून दाखवत नव्हता.

जागेचा प्रश्नच नव्हता. आल्विनाची खुर्ची नदीकडच्या खिडकीशी. नदीच्या अलीकडे अमेरिकेचं मेन राज्य, पलीकडे कॅनडा, आणि त्या काठावर तिच्या थोरल्या बहिणीचं, जेमाचं घर. संध्याकाळची भांडी आवरली की जेमा आपल्या खिडकीतला दिवा मालवून पुन्हा लावायची, की इकडून आल्विनाही तसंच करायची. घरात फोन आले तरी हे सुटलं नाही. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात जेमा वारली. खुर्ची मात्र तिथेच होती, झुलून झुलून लाकडी जमिनीत तिने दोन चर पाडले होते. रोझेरने चरांच्या मधोमध भोक पाडलं, त्यातून ओळंबा सोडला आणि तो खाली जिथे टेकला तिथे चौकोन आखला.

तिथे बटाटे होते. नदीचा गारवा धरून ठेवणारा हा उत्तरेचा कोपरा आज्यापासून बटाट्यांचा. रोझेरने ते सगळे उचलून समोरच्या धुराड्याच्या भिंतीशी नेऊन रचले.

शेगड्या बसवणारा क्लोविस माप घ्यायला आला तो जिन्यातच हसत सुटला.

"अरे गाढवा, बटाटे धुराड्यापाशी आणि शेगडी बटाट्यांच्या जागी? नाताळपर्यंत हातभर कोंब येतील! तू या खोऱ्यातलाच ना, की दत्तक आलास?"

"तू धुराच्या नळीचं बोल."

"नळीचंच बोलतो. अख्खं तळघर ओलांडून आडवी नेलीस तर धूर वाटेतच बसकण मारेल. शेगडी धुराड्याजवळ हवी, भिंतीपासून दोन हात सोडून. ही बघ, इथे."

"खुर्ची तिकडे आहे."

"मग हलव की खुर्ची!"

"ती खुर्ची हलायची नाही," रोझेर इतकं हळू म्हणाला की क्लोविसने पुढची थट्टा गिळली.

"आल्विनाला विचार बाबा," म्हणत त्याने टेप गुंडाळली.

रविवारी आल्विना आली, पण राहायला नव्हे. हिवाळी कोट न्यायला. लेक लोरेन कोट गाडीत भरत होती. रोझेरने सकाळपासून कुट्टूच्या पिठाच्या, धिरड्यांसारख्या प्लॉय भाजून ठेवल्या होत्या, निम्म्या करपल्या होत्या. आल्विनाने एक उभ्या उभ्या खाल्ली. मग तो तिला हाताला धरून खाली घेऊन गेला, आणि जाळी, नळी, मेपल, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

आल्विना वरून लोंबणाऱ्या ओळंब्याकडे बघत राहिली.

"हे माझ्या खुर्चीखाली?"

"बरोब्बर खाली. पाय शेकत बस, नदी बघत बस."

"तुला काय वाटलं, मी थंडीने गेले?"

"तूच म्हणालीस ना."

"रोझेर, भांडी आवरली की मान आपसूक तिकडे वळते. आणि तिकडे अंधार. रोजचा. त्या खिडकीत तू सूर्य आणून ठेवलास तरी मी गारच."

इतके दिवस आपण त्या अंधाराखालीच जाळ पेटवत बसलो होतो, हे रोझेरला आता कळलं.

आल्विना डोळे पुसून वळली, तर समोर बटाटे.

"आणि हे इथे कुणी मांडलेत?"

"मी."

"म्हातारचळ लागलाय! आधी त्यांच्या जागी ने."

तिने खडू घेतला. त्याच्या खांद्याचा आधार घेत वाकली आणि धुराड्याजवळ, भिंत सोडून, एक वाकडातिकडा चौकोन काढला. त्याच्यासमोर दोन गोल.

"ही माझी खुर्ची. ही तुझी. इथे खिडकी नाही ते बरंय."

वर लोरेनने हॉर्न वाजवला. आल्विनाने पिंप ओढून आपल्या गोलात ठेवलं आणि बसली.

"तिला सांग, गाडीतले कोट उतरव."

रोझेर जिन्यातूनच ओरडला आणि लगबगीने परत आला. आल्विना रिकाम्या चौकोनासमोर तळवे धरून बसली होती. त्याने दुसरं पिंप शेजारच्या गोलात ठेवलं आणि आपलेही तळवे पुढे केले.